साडूंच्या भिंतीवरचं झाड

आमच्या साडूंनी विश्वासानं आमच्या फ्रीजरमध्ये ठेवायला दिलेला खेकडा मी कालवण करून खाल्ला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत मी आता या एवढ्या एकाच कामगिरीसाठी ओळखला जातो. उभी हयात चाकणच्या एका कारखान्याच्या क्वालिटी खात्यात गेली, हातात व्हर्निअर घेऊन डोंगराएवढे पार्ट पास-नापास केले, निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. पण लग्नाकार्यात कुणी कुणाला माझी ओळख करून देताना शालीचं नाव काढत नाही. 'खेकडा खाल्ला ते हेच' म्हणतात, आणि समोरचा माणूस माझ्या पोटाकडं बघत नमस्कार करतो.

पण मला सांगायचं आहे ते खेकडा खाणाऱ्याबद्दल नव्हे, ठेवणाऱ्याबद्दल. आमच्या साडूंना जितकी नाती ठाऊक होती तितकी या भूतलावर दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतील. गांडूळ आणि गोगलगाय, वटवाघूळ आणि देवमासा, आळंबी आणि आपण, यांत कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत आणि कोण नुसतंच सारखं दिसून उगाच नातं सांगतंय, हे ते एका दमात सांगत. आळंबी ही झाडापेक्षा माणसाला जवळची, असं त्यांनी एकदा आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात मशरूमची भाजी बंद आहे. "भाऊबंदास्नी फोडणी घालायची व्हय?" असं म्हणून बायकोनं पुडा तसाच परत केला. माणसांची नाती मात्र साडूंच्या डोक्यात दोन मिनिटंही टिकत नसत. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी त्याच्याच मुलाच्या बारशात अगदी आदरानं "आपण मुलाकडचे का?" म्हणून विचारलं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. मूळचे परभणीकडचे, माळकरी घरातले, चिंचवडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आलेले. खोली भाड्यानं घेतली ती चिखलीत, माझ्या सासऱ्यांच्या घरात. तेव्हा चिखलीत शेतं होती आणि घरामागं एक ओढा होता. मास्तरांना त्या ओढ्यातला खेकडा पाहिजे होता. धरायचं धाडस नव्हतं. भाडं देता देता त्यांनी मालकाच्या थोरल्या मुलीला भीत भीत विचारलं, आणि तिनं बिळात कोपरापर्यंत हात घालून त्यांच्या हातावर खेकडा ठेवला. तो त्यांना करकचून चावला. साडू म्हणत, "माझं लग्न त्या क्षणी ठरलं. बाकीच्यांना नंतर कळालं." बाकीच्यांत सासरे होते. "कुठला, कुणाचा, काय ठावं न्हाई," असं ते म्हणाले, तेव्हा साडूंनी त्यांना समजावून सांगितलं की मामा, मागं मागं गेलं तर आपण सगळे एकाच खोडाच्या फांद्या आहोत. सासरे म्हणाले, "तितकं मागं कोन जातंय, मास्तर? तीन पिढ्या सांगा आन् गप बसा."

पुढं मी नगरकडून आलो आणि धाकटीला मागणी घातली, तेव्हा सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. दोन मुली आणि दोन्ही जावई बाहेरचे. साडूंना मात्र फार आनंद झाला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी काय म्हणायलो पावणं, वाईट वाटून घेऊ नका. कुठल्याही कुळाचं झाड काढायचं तर बाहेरचा एक जीव शेजारी ठेवावाच लागतो. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय घरच्यांत जुनं काय आणि नवं काय, ते कळत नाही. तो बाहेरचा म्हणजे आपण." मी बराच वेळ याला सत्कार समजत होतो.

त्यांच्या शास्त्राची मेख त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली ती माझ्याच लग्नात. मांडवात बसून ते पाहुण्यांचे कान, नाकं आणि भुवया बघत होते. "सगळ्यांकडं असलेली खूण काही सांगत नाही," ते म्हणाले. "दोन डोळे सगळ्या मांडवाला आहेत, म्हणून मांडव सख्खा होत नाही. एकट्याकडंच असलेली खूणही मुकी. जी नव्यानं आली, आणि दोघातिघांतच आली, ती खूण बोलते. तुमच्या नवरीची करंगळी बघा." मी बघितली. करंगळी शेवटच्या पेरात आत वळलेली होती, आकड्यासारखी. "आमच्या हिचीही तशीच. भावाची नाही, वडलांची नाही. फक्त या दोघी." नवऱ्या मुलानं भर मांडवात नवरीची करंगळी धरून निरखली, यावर सासरकडच्या बायका पुढं कितीतरी दिवस हसत होत्या. आणि अक्का म्हणायच्या, की खेकडं धरायला देवानं दिलेला आकडा आहे तो. बिळात नांगी त्यालाच अडकते.

साडूंना सारखेपणाचा फार संशय होता. मी एकदा सकाळी झोपेच्या गुंगीत निगडीच्या स्टॉपवर आमच्याच रंगाचे शर्ट बघून बसमध्ये चढलो. खिडकीशी बसलो, शेजारच्याशी बोनसवर बोललो, त्यानंही माझ्याइतक्याच शिव्या घातल्या. उतरलो तर दुसऱ्याच कंपनीचं गेट. त्यांच्या कँटीनमध्ये पोहे खाऊन बाहेर पडेपर्यंत मला कुणी हटकलं नाही. ही फजिती सांगितल्यावर साडू इतके खूश झाले की त्यांनी ती पुढं दर वर्षी वर्गात शिकवली. "देवमासा पाण्यात राहून माशासारखा झाला, पण तो मासा नाही. पावणं शिफ्टमध्ये राहून त्या कंपनीसारखे झाले, पण ते त्या कंपनीचे नाहीत. एकसारखं काम पडलं की एकसारखा आकार येतो, पोरांनो. गणवेश म्हणजे नातं नव्हे." त्यांचे विद्यार्थी मला रस्त्यात भेटले की 'देवमासा' म्हणत.

मलाही एकदाच, अगदी एकदाच, त्यांना काहीतरी शिकवता आलं. आमच्या कारखान्यात डायला, म्हणजे पार्टांच्या साच्याला, ओरखडा पडला की तिच्यातून पुढं निघणाऱ्या प्रत्येक पार्टवर तोच ओरखडा उठतो. काही दिवसांनी दुसरा पडतो, मग दोन उठतात. एखाद्या क्रेटमधले पार्ट विस्कटले, तर ज्यांच्यावर दोन्ही ओरखडे ते एकमेकांच्या जवळचे, एकवाले थोडे लांबचे, आणि बिनओरखड्याचे सगळ्यात आधीचे, असं आम्ही लावत बसायचो. हे मी सहज बोललो, तर साडू चहाचा कप तसाच हातात धरून उभे राहिले. "पावणं, हे तर आमचंच शास्त्र! जिवांच्या आतही अशीच अक्षरं असतात, आणि उतरवताना चुका होतात, आणि चूक पुढच्या सगळ्यांत उतरते. आम्ही चुका जुळवतो." मग म्हणाले, "ती डाय भंगारात गेल्यावरही पार्टांवरून नातं कळतं?" मी म्हटलं, "कळतं की. ओरखडे कुठं जातात?" ते म्हणाले, "मग झालं. आमचं सगळं शास्त्र भंगारात गेलेल्या डायचंच आहे. जे जोडतं ते कधीच शिल्लक नसतं." एरवी 'माणूस माकडापासून झाला' असं कुणी म्हटलं की ते भांडायला उठत, "आजचं माकड आपलं चुलत भावंड आहे, आजोबा नव्हे! आजोबा दोघांचेही गेले!"

दर रविवारी हे जोडपं स्कूटरवर बसून खेकड्यांना भेटायला जायचं. मावळातले ओढे, खेडकडचे झरे, चाकणच्या मागची टेकाडं. अक्का हात घालायच्या, साडू चिठ्ठी बांधायचे. खेकड्याचं कूळ कुठं बघतात, तर नराच्या पोटाखाली शेपटीची झडप दुमडलेली असते, तिच्या आत दोन बारीक काड्या असतात. त्या काड्यांच्या आकारावरून. त्यामुळं साडूंना खेकडा दिसला की उलटा करायची सवय. पिंपरीच्या मासळीबाजारात त्यांनी भिंग काढलं की मासेवाल्या ओरडायच्या, "सर, घ्यायचा नसंल तर नका घिऊ, पर चारचौघांत त्येची अब्रू काढू नका!" एवढे खेकडे हाताळून या माणसानं एकही कधी चाखला नव्हता, गळ्यात माळ होती. अक्कांना मात्र खेकड्याचं कालवण जीव की प्राण. पण धरलेला प्रत्येक खेकडा स्पिरिटच्या बरणीत जायचा. बरणीचं झाकण लावताना अक्का एखाद्या गाडी चुकलेल्या माणसासारख्या बघायच्या, असं माझी बायको सांगते.

आणि त्यांच्या दिवाणखान्यातली एक भिंत. घरातल्या बाकी तीन भिंती अक्कांच्या, चौथी साडूंची, असा तह झालेला. त्या भिंतीवर पेन्सिलीनं झाड काढलेलं, खाली खोड, वर फांद्यांवर फांद्या, प्रत्येक टोकाला एका ओढ्याचं नाव आणि तिथल्या खेकड्याचं. पहिलं टोक चिखलीच्या ओढ्याचं, साडूंना चावलेल्या त्या खेकड्याचं. नवीन पुरावा आला की फांद्या खोडून पुन्हा काढायच्या. अक्का म्हणायच्या, "आमच्या भितीवर रोज कुनाची ना कुनाची सोयरीक मोडती."

अक्का गेल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यात चाकणच्या मागच्या एका टेकडीवरच्या झऱ्यातून त्यांनी एक खेकडा धरला. जांभळट पाठीचा, नांग्या केशरी. साडूंनी तसा रंग कुठं बघितला नव्हता. हा अगदी वेगळा निघणार, नवा, जगानं न नोंदवलेला, अशी त्यांची खात्री झाली. आणि नव्या जिवाला नाव द्यायचा मान तो पहिल्यांदा नोंदवणाऱ्याचा असतो. ते नाव अक्कांचं असणार होतं. पण स्पिरिटमध्ये घातला की रंग उडतो, आणि काड्या बघायच्या तर झडप कापावी लागते. अक्का आजारी होत्या, खेकडा फ्रीजरमध्ये राहिला. मग अक्का गेल्या, आणि साडूंच्यानं त्याला हात लाववेना. तेवढ्या दिवसांत टेकडीवर जेसीबी चढले, झरा मुजला, वर गोदामाची शेड उभी राहिली. बेंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलानं वडलांना एकटं राहू दिलं नाही, तिकडं बोलावून घेतलं. जाताना साडूंनी घरचा फ्रीज बंद केला आणि एक प्लॅस्टिकचा डबा आमच्याकडं आणून दिला. "जरा जपा," एवढंच म्हणाले. मी त्या वेळी मॅच बघत होतो. मान हलवली.

वर्षश्राद्धाच्या तयारीला बायको चिखलीला भावाकडं गेली. चार दिवस मी स्वतःच्या हातची खिचडी खाल्ली. ती ज्यानं खाल्ली असेल तोच पुढच्या कृत्याला माफ करू शकेल. पाचव्या दिवशी बर्फ खरवडताना डबा सापडला. वरची चिठ्ठी दवानं गळून गेली होती. आत खेकडा. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? की बायकोनं हा माझ्यासाठी लपवून ठेवलाय, आणि मी उगाच तिला कठोर समजत होतो. डोळे पाणावले हो माझे! त्या प्रेमाला जागून मी वाटण घातलं. झडप कुरकुरीत लागते म्हणून ती आधी खाल्ली. पायांचा चोथा ओल्या कचऱ्यात गेला आणि कचरा घंटागाडीत. एक नांगी तेवढी दातांना दाद देईना. ती बत्त्यानं फोडू म्हणून ओट्यावर ठेवली, आणि डुलकी काढली.

दारावरची बेल वाजली. दारात बायको, आणि तिच्या मागं बॅग घेऊन साडू. बायकोनं त्यांना स्टेशनवर उतरवून घेतलेलं, परस्पर इकडंच आलेले. वर्षभरात वाळून गेले होते. पाणीही न घेता स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजर उघडला.

बाहेरून मी म्हणालो, "साडूभाऊ, ते काय झालं, परवा लाईट गेली होती, खेकडा नासला, वास सुटला, म्हणून मी टाकून दिला."

साडूंनी फ्रीजर बंद केला. मोरीतलं पातेलं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग वर्गात बोलत तशा आवाजात म्हणाले, "पावणं, दोन गोष्टी समोर असल्या की जिला कमी योगायोग लागतात ती आम्ही आधी धरतो. लाईट गेली, पण आईस्क्रीम विरघळलं नाही. खेकडा नासला, पण बाकी काही नासलं नाही. तुम्ही तो टाकला, आणि नेमकं त्याच दिवशी दुसऱ्याच कशाचं तरी कालवण केलं, आणि मिशीला वाटण लागलं. एवढं सगळं मानायचं, नाहीतर तुम्ही खाल्ला एवढंच मानायचं."

मी मिशी पुसली. "अक्कानं धरल्याला शेवटचा हुता त्यो," बायको म्हणाली. "तिचं नाव द्यायचं हुतं त्येला. तुमास्नी सांगितलं हुतं मी. मॅच बघत हुतात."

मला वाटत होतं की साडूंनी आता ओरडावं, निदान भांडं तरी आपटावं. ते स्टूल ओढून ओट्यापाशी बसले आणि म्हणाले, "चव कशी होती?"

"जरा... बर्फाची," मी म्हणालो. मग वाटलं, आता तरी खरं बोलावं. "पण गोड होता."

"ती म्हणायची. टेकडीवरच्या झऱ्याचा खेकडा गोड असतो म्हणायची." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जन्मभर धरले तिनं. मी सगळे बरणीत घातले. चला, एक तरी कुणाच्या तरी पोटात गेला." असं म्हणून ते हसायला गेले आणि ते त्यांना जमलं नाही. बायकोनं पदर तोंडाला लावला. मी ओट्याकडं तोंड करून उभा राहिलो, आणि तिथं ती नांगी होती. ती उचलून मी त्यांच्यापुढं धरली, एखाद्या पोरानं चोरलेला आंबा परत करावा तशी.

नांगीनं नाव मिळणार नव्हतं. साडूंनी ते आम्हाला तिथंच सांगितलं. नाव द्यायचं तर संग्रहात ठेवायला पुरता देह लागतो, झडपेखालच्या काड्या लागतात, आणि त्या माझ्या पोटात होत्या. पण नांगीच्या आत मांस असतं, मांसात ती अक्षरं. शिजवल्यानं लांब वाक्यं तुटतात, शब्द राहतात. पुण्यात एका प्रयोगशाळेत त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, सर, प्रयत्न करते. त्या शब्दांवरून एवढंच कळणार होतं की तो कोण होता, कुणाचा जवळचा.

श्राद्ध झालं तरी साडू उत्तरासाठी थांबले. ते दिवस मला फार जड गेले. कारण सरळ होतं. खेकडा जर नेहमीचाच निघाला, तर मी खाल्लं काय आणि न खाल्लं काय, नाव मिळणारच नव्हतं, मी सुटलो. आणि जर वेगळा निघाला, तर अक्कांचं नाव मी वाटण घालून खाल्लं होतं. मी रोज देवापुढं उभा राहून त्या खेकड्याच्या सामान्यपणासाठी प्रार्थना करायचो. माझ्या शेजारीच उभी राहून बायको त्याच देवाला उलट सांगायची. देवाची अडचण मला समजत होती.

बायको रोज डबा भरून साडूंच्या फ्लॅटवर घेऊन जायची, एकदोनदा मीही गेलो. ते भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेले असत. फ्लॅट आता भाड्यानं द्यायचा होता, मुलानं माणूसही बघितला होता. मी एकदा धीर करून म्हणालो, "साडूभाऊ, राहा की इथंच. आम्ही आहोत." ते म्हणाले, "आहात की. पण मी काय म्हणायलो, मला आता इथं प्रत्येक ओढा दोन दोन दिसतो. एक आहे तो, आणि एक ती असतानाचा." काय बोलावं ते मला कळत नसलं की मी बोलतोच, म्हणून मी म्हणालो, "त्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं." बायकोनं माझ्याकडं जे बघितलं ते लिहिता येत नाही.

उत्तर आलं त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. फोनवर काहीच सांगितलं नाही. आम्ही गेलो तर दाढी केलेली, धुतलेला शर्ट, हातात टोक केलेली पेन्सिल.

"वेगळाच होता," ते म्हणाले.

मी खाली बसलो.

"आपल्याकडच्या एकाही खेकड्यात न बसणारा. माझी खात्री खरी होती." मग भिंतीच्या त्या सगळ्यात जुन्या टोकावर त्यांनी बोट ठेवलं. "आणि सगळ्यात जवळचा कोण, तर हा. चिखलीच्या ओढ्यातला. इतर कुणाकडं नाहीत असे ओरखडे फक्त या दोघांत आहेत. मला वाटायचं तो टेकडीवरचा, हा खालचा, मध्ये इंद्रायणी. संबंध असायचा नाही. पण एका काळी कुठंतरी यांचा एकच ओढा असणार. तो गेला. मग चिखलीचा स्लॅबखाली गेला, टेकडीवरचा शेडखाली गेला. दोघी बहिणी."

खेकडे नर होते, पण त्यांनी 'दोघी बहिणी' म्हटलं, आणि आम्ही कुणीच दुरुस्त केलं नाही.

बायको म्हणाली, "दाजी, मग अक्काचं नाव?"

"नाव द्यायला देह लागतो, बाई." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. "पण फांदी द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तू काढ."

पेन्सिल त्यांनी तिच्या हातात दिली. तिनं चिखलीच्या फांदीपाशी पेन्सिल टेकवली आणि वर एक रेघ ओढत नेली. रेघ जरा वाकडी गेली. रेघ ओढताना तिची करंगळी भिंतीला टेकलेली होती, आकड्यासारखी आत वळलेली. मी साडूंकडं बघितलं. ते रेघेकडं बघत नव्हते. टोकाला तिनं काही लिहिलं नाही. टोक तसंच मोकळं राहिलं.

मला एवढा अपराधी भाव आलेला होता, की काहीतरी चांगलं करावंच असं वाटून मी म्हणालो, उद्या रंगारी येणार, भिंत जाणार, तर फोटो काढून ठेवू. शेजाऱ्यांना बोलावलं, फोन दिला, साडूंना आणि बायकोला दोन्ही बाजूंना उभं केलं, आणि मध्ये मी. तसं उभं राहायचा मला कारखान्यापासून सराव. ऑडिटच्या प्रत्येक फोटोत मी मध्ये असायचो.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं भिंत पांढरी केली. त्या संध्याकाळी साडू बेंगळुरूच्या बसमध्ये बसले. निगडीच्या पुलाखाली आम्ही उभे होतो. मी त्यांच्या पाया पडलो, तर म्हणाले, "पावणं, जिच्यामुळं आपण साडू, ती गेली. पण तुम्हीच शिकवलंत, ओरखडे कुठं जातात?" आणि बसच्या पायरीवरून वाकून हळूच, फक्त मला, "खरंच गोड होता ना?"

"खरंच," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोनं फोटो मागितला. दोन्ही बाजूंना फांद्या दिसतात, खालचं खोड दिसतं, वरची नावंसुद्धा मोठं केलं तर वाचता येतात. चिखलीची फांदी जिथून निघते, आणि तिनं काढलेली रेघ जिथं तिला जुळते, तिथं मी आहे. छाती काढून.

घाबरून मी साडूंना फोन लावला. बस सातारा ओलांडत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू द्या, पावणं. जोड कुणालाच दिसत नसतो. दोन्हीकडच्या फांद्या बघायच्या आणि मध्ये तो होता असं मानायचं. आम्ही जन्मभर तेच केलं."

त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मी बायकोला सांगितलं, जरा दिलासा मिळेल म्हणून. ती फोटो मोठा करून माझ्या पोटाच्या जागी बोट फिरवत बसली होती, रेघ पुढं कुठून निघत असेल ते शोधत.

"दाजी देवमानूस हायेत, त्ये म्हनत्यात तसं," ती म्हणाली. "तुमी आदी अक्काचा खेकडा खाल्लात, आन् उरल्याली फांदी झाकून हुभं ऱ्हायलात."